हाललेला फोटो

आमच्या चिंचणीत फोटो दोनच प्रकारचे असत, चांगला आलेला आणि हाललेला. काळा पडला, डोळे मिटले, डोकं अर्धं कापलं गेलं, काहीही झालं तरी बघणारा म्हणायचा, "हाललाय." आणि दोष नेहमी समोर उभं राहिलेल्या माणसाचा. कॅमेऱ्याचा नाही, फोटो काढणाऱ्याचा तर नाहीच नाही. माझ्या मामाच्या लग्नातल्या फोटोत एका काकूंचा चेहरा पुसट आला, तर त्यांना पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागलं की बाकीच्यांनी श्वास धरून ठेवला होता, तुम्हालाच कसली घाई झाली होती. काकूही मुकाट्याने कबूल करायच्या. त्या दिवशी नाकावर माशी बसली होती, म्हणायच्या.

मी स्वतः तर जात्याच हालणारी. पायाला भिंगरी लागलेली. जेवताना दहादा मांडी बदलायची, पूजेला बसले की उदबत्ती सरळ कर, फूल उचलून दुसरीकडे ठेव, असं काहीतरी चालूच. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडेच असायची. ती म्हणायची, ही पोरगी झोपेत पण चालत असणार. वय झालं तरी ते गेलेलं नाही. आत्ता हे लिहितानाही मी मधेच उठून खिडकीशी जाऊन आले. ज्या फोटोबद्दल लिहायचंय तो आठवला की मला बसवत नाही.

तो फोटो आमच्या घरी आला तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी लग्नाची होते. बोईसरच्या बाजूला एकामागून एक कारखाने उठत होते. चिकू-नारळाच्या वाड्या सांभाळणाऱ्या घरांतली मुलंसुद्धा 'कंपनीत' लागत होती. स्थळ सांगून आलं की वाडी किती, विहीर कुणाची, याच्या जोडीला कंपनी कुठली हेही आता विचारलं जाई. मला स्थळं पुष्कळ येत आणि तितकीच जात. कारण माझा चष्मा. (लग्न पुढे झालं, चष्म्यासकट, पण ती वेगळी गोष्ट.)

चष्मा साधासुधा नव्हता. कडेने बघितलं तर काचेत वर्तुळांमागे वर्तुळं दिसत. तो लागेपर्यंत माझा समज होता की जग सगळ्यांनाच असं दिसतं. वीतभर अंतरावरचं स्वच्छ, त्यापुढे सगळं एकमेकांत मिसळलेलं. लांबचा माणूस म्हणजे रंगाचा एक उभा पट्टा. पण त्या पट्ट्यांवरून मी माणसं बिनचूक ओळखायची. बाबा चालताना डावा खांदा पाडतात. आत्याचं आधी डोकं पुढे येतं आणि मग बाकीची आत्या. मासळी विकायला येणारी बाई डोक्यावर टोपली नसली तरी मान तशीच ताठ ठेवते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चष्मा लागला आणि चेहरे दिसायला लागले तेव्हा सुरुवातीला मी वैतागलेच होते. एकदम सगळंच अंगावर आलं, भिंतीचे पोपडे, शेजारच्या काकूंच्या मिशा. संध्याकाळी समुद्राकडे सुरूच्या बनात गेले की मी मुद्दाम चष्मा काढायची. पानांतून येणारा उन्हाचा एकेक ठिपका फुगून भाकरीएवढा व्हायचा, एकावर एक गोल चढायचे, कडेला विझत जायचे. ही माझी चैन होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितली असती तर डोळे आणखी बिघडले म्हणून मला पालघरला डॉक्टरकडे नेलं असतं.

बघायला मंडळी यायची तेव्हा आई माझा चष्मा काढून फडताळात ठेवायची आणि चहाचा ट्रे हातात देऊन मला पुढे ढकलायची. बाबांना हे पटायचं नाही, पण आईसमोर त्यांचं काही चालायचं नाही. त्यामुळे मला बघायला आलेला एकही मुलगा मी बघितलेला नाही. पांढरा शर्ट आणि वर काळा डाग, सगळे सारखे. एकदा तर मी मुलाच्या वडिलांनाच मुलगा समजून लाजले. माझा स्वतःचा फोटोही तसाच, पालघरच्या एका स्टुडिओत चष्म्याशिवाय काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात हंस. फोटोग्राफर सांगत होता, इकडे बघा, आणि मला त्याचं इकडे म्हणजे कुठे तेच कळत नव्हतं. तो फोटो बघून लोक म्हणायचे, काय बोलके डोळे आहेत. पुढे कुठूनतरी चष्म्याची बातमी लागायची आणि ते बोलके डोळे पाकिटातून घरी परत यायचे.

अशात एका दूरच्या नातेवाइकाने बोईसरचं स्थळ आणलं. मुलगा औषधांच्या कंपनीत, आईवडील नाहीत, घरात एक थोरली बहीण. सोबत पोस्टकार्डाएवढा काळा-पांढरा फोटो.

आता आमच्याकडे स्थळाचा फोटो हा माणसापेक्षा त्याच्या मागच्याचा जास्त असतो. मुलाला अंगणात अशा बेताने उभं करायचं की कौलं दिसावीत, विहिरीवरचा पंप दिसावा, जमलं तर नारळांची रांगही यावी. बाबा आधी फोटोच्या कडा बघत आणि शेवटी मधला माणूस. या फोटोत मधला माणूस होता आणि कडा नव्हत्याच. त्याच्या मागे सगळं विरघळलेलं होतं. वर उजेडाचे मोठे मोठे गोल, खाली करड्यात मिसळत गेलेला काळा.

आई म्हणाली, हाललाय. आत्याने फोटो उलटा करून बघितला आणि कागदावर पाणी सांडलंय असं ठरवलं. शेजारच्या काकूंना ते गोल फुगे वाटले, तेव्हा त्यांच्या मते हा वाढदिवसाचा फोटो होता. बाबांनी चारही बाजूंनी कडा शोधल्या. मग म्हणाले, "घरासमोर काढलाय सांगतात. मंग घर कुठं हाय?"

झालं. घर लपवलंय यावर सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. पत्र्याची खोली असणार. मुलगा कंपनीत नाहीच, कंपनीच्या दारात उभा राहत असणार. आत्याने तर मागे पहिली बायको असल्याचंही सुचवून ठेवलं. मी म्हणाले, आपण चष्मा लपवतो त्याचं काय? आईने माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी घासायला निघून गेले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी फोटो घेऊन मागच्या पडवीत बसले, चष्मा काढला आणि फोटो नाकाशी धरला. तसं धरलं की मला इतरांपेक्षा जास्त दिसतं. हा फोटो हाललेला नव्हता. हालला असता तर भुवयांचे केस सुटे दिसले नसते. इथे एकेक केस दिसत होता, कॉलरचा सुटलेला दोरा दिसत होता. आणि मागे माझे गोल होते. सुरूच्या बनातले, मोठे, एकावर एक चढलेले, कडेला विझत गेलेले. जे मी लहानपणापासून एकटीने बघत आले होते ते कुणीतरी कागदावर उतरवलं होतं, आणि बघणाऱ्याला सुंदर वाटावं अशा बेताने उतरवलं होतं. मला रडू आलं. मुलगा दिसायला बरा होता, पण मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मला मागचं हवं होतं. ज्या घरात कुणीतरी असं बघतं त्या घरात मला जायचं होतं, आणि लगेच जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितला तेव्हा त्या मुलाच्या कोपराजवळ, गोलांच्या खाली, एक फिकट उभा पट्टा दिसला. आईने आदल्या दिवशी त्याला खांब म्हटलं होतं. तो खांब नव्हता. खांब असा एका बाजूला कलत नाही आणि खांबाला मांडी नसते. खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. बाई होती. तिचा चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता, पण ती कॅमेऱ्याकडे बघत होती हे मी पैजेवर सांगितलं असतं. फोटोसाठी बसलेलं माणूस खांदे जरा वर घेतं, तसे तिचे होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याची पहिली बायको पक्की झाली असती. विहिरीवर जायची आणि कळशी तिथेच विसरून परत यायची. भाजीत मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. चष्मा काढून फोटो बघायची, चष्मा लावून फोटो बघायची. कोण आहे ही? घरात एवढी माणसं बोलत होती आणि फोटोत माणसं किती आहेत हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी न राहवून मी बाबांना म्हणाले, इथे बसून तर्क करण्यापेक्षा जाऊन बघून या. न कळवता जा, म्हणजे काय आहे ते दिसेल. बाबा विचारात पडले. आपल्याला त्या फोटोत काय दिसतंय आणि तिथे जाऊन तरी काय दिसणार, असं काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, तूच चल. मुलीने आपल्या पायाने मुलाच्या घरी जायचं हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. बाबांनी एरवी कधी न चढवलेला आवाज चढवला. मग आईने एकच अट घातली, चष्मा पिशवीत राहील.

निघताना बाबांनी फोटो सदऱ्याच्या खिशात घेतला. आमच्याकडे तोंडाने नाही म्हणायची पद्धत नाही. फोटो परत दिला की तो नकार, ठेवून घेतला की बोलणी पुढे. तिथे पत्र्याची खोली निघाली तर लगेच देऊन मोकळं होता येईल, असा त्यांचा हिशेब.

एसटीत मी खिडकीशी बसले, मग आतल्या बाजूला बसले, मग पुन्हा खिडकीशी. मागच्या बाकावर दोन कामगार पाळीवरून हिंदीत वाद घालत होते. वाड्या मागे पडल्या आणि कारखान्यांचा वास सुरू झाला, आंबूस, घशात बसणारा. बाबांनी उपरणं नाकाला लावलं. बोईसरला उतरल्यावर रस्त्यावर ट्रकांची रांग होती. मी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बाबांनी बघितलं. मी म्हणाले, मागचं बघायला आलोय ना, मग मला दिसायला नको? ते म्हणाले, "राव दे डोळ्यावर." त्या तीन शब्दांपायी मी बाबांना बरंच काही माफ केलेलं आहे.

विचारत विचारत घर सापडलं. छोटं, कौलारू, सारवलेलं अंगण, अंगणात शेवगा. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. बाबांचा जीव भांड्यात पडला. शेवग्याची बारीक पानं आणि त्यांतून येणारं ऊन बघितलं आणि ते गोल कुठून आले ते मला कळलं. खाली खुर्ची मात्र नव्हती.

मुलाला सुट्टी होती. दार उघडलं तेव्हा बनियनवर होता, आम्हाला बघून गडबडला, आत जाऊन शर्ट घालून आला. बाबांनी या बाजूला काम होतं म्हणून सांगितलं. तो माझ्या चष्म्याकडे बघत होता. मी मान खाली घालणार होते, ती वर केली. त्याने नंबर विचारला, मी सांगितला. मग त्याने जे विचारलं ते मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.

"म्हणजे चष्मा काढला की लांबचा दिवा केवढा दिसतो?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, माझ्या लेन्सला एवढा नाही जमत.

मग त्याने फोटोंचे ढीग काढले. कॅमेरा त्याचा स्वतःचा होता, जुना, कुणा बोटीवरच्या माणसाकडून घेतलेला, आणि लेन्स त्याहून लाडकी. तो बोलायला लागला की हात थांबत नसत, तेही मला आवडलं. भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, म्हणाला, की एका पातळ पापुद्र्यात येईल तेवढंच स्वच्छ येतं. त्याच्या पुढचं-मागचं सुटतं. पण सुटण्यातही फरक असतो. हलक्या भिंगात मागच्या गोलांना काठ येतात, ते डोळ्यात टोचतात, समोरच्या माणसाकडे लक्ष लागू देत नाहीत. चांगल्या भिंगात गोल मधे भरलेले असतात आणि कडेला विझत जातात. लोक चेहरा कसा आला बघतात, मी मागचं कसं गेलं ते बघतो. असं म्हणून त्याने एक फोटो पुढे केला. बोंबील वाळत घालणारी बाई, आणि तिच्या मागे समुद्र नव्हता, नुसता उजेड होता. दुसऱ्यात एक कुत्रं होतं. त्याच्या मागे इतकं मऊ काहीतरी पसरलं होतं की मी हात लावून बघितला. तो म्हणाला, तो उकिरडा आहे. भिंग उघडलं की उकिरडाही शोभून दिसतो.

बाबांनी एकदाच विचारून घेतलं, म्हणजे आमच्याकडचा फोटो हाललेला नाही? त्याने बाबांनाही सगळं पहिल्यापासून समजावलं, न कंटाळता. बाबांना किती कळलं कोण जाणे, पण ते खूश दिसले. मी तर मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले होते. आत कुठल्या खोलीत माझी पिशवी ठेवायची इथपर्यंत माझी मजल गेली होती. म्हणूनच मी विचारलं. आता हे आपलं घर, आपल्याला कळायलाच हवं, अशा हक्काने विचारलं, की तुमच्या फोटोत मागे बसलंय ते कोण?

तो चमकला. बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"ताई आहे," तो म्हणाला. आवाज खाली आणून त्याने सांगितलं की ताईला फोटोत यायची फार हौस. त्या दिवशी खुर्ची घेऊन मागे येऊन बसलीच. तिला ऊठ म्हणवेना. फोटो तर स्थळासाठी. मग त्याने भिंग उघडलं, सगळं स्वतः लावून दिलं, मित्राने नुसतं बटण दाबलं. तिचंही मन राहिलं आणि फोटोही स्वच्छ आला. हे सांगताना तो ओशाळला नव्हता, उलट एक अवघड गोष्ट नीट निभावल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. बाबांनी मान डोलावली. मुलगा समजूतदार आहे, असं त्यांना वाटत होतं. मलाही घटकाभर तसंच वाटलं.

तेवढ्यात ती बाहेर आली. चाळिशीची असेल. मान आणि दोन्ही हात सतत थरथरत होते, एका क्षणाला थांबत नव्हते. लहानपणी मोठा ताप आला, त्यात हे मागे राहिलं असं तिने स्वतःच सांगून टाकलं, पाहुण्यांना अवघडायला नको म्हणून. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. तिने माझा हात धरला, तर माझाही हात थरथरायला लागला. माझ्या चष्म्याबद्दल तिने काही विचारलं नाही. कानावर पडलेला एकच शब्द तिने धरून ठेवला होता.

"मी आलेय ना गं फोटोत?"

तिने तो बघितलाच नव्हता. छापून आला तसा पाकिटात घालून आमच्याकडे रवाना झाला होता. मी काही बोलायच्या आत बाबांनी खिशातून फोटो काढून तिला दिला. काय होणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती. हातात धरून तिला बघता येईना, म्हणून तिने तो मांडीवर ठेवला आणि वाकली. आधी भाऊ सापडला. मग बोट सरकत सरकत त्याच्या कोपराजवळ गेलं आणि बरोबर त्या पट्ट्यावर थांबलं. तिला तिचे खांदे ओळखू आले असणार.

"ही मी," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "हालले गं. सगळीच हालले. यानं किती येळा सांगितलेलं, ताई, हालू नको."

मी त्याच्याकडे बघितलं. पापुद्रा काय, काठ काय, आत्ताच तर त्याने आम्हाला सगळं शिकवलं होतं. तिला एक वाक्य सांगायचं होतं. ताई, तू हालली नाहीस, ते मी केलं. मी वाट बघत होते. त्याने ते म्हणावं असं मला इतकं वाटत होतं की माझी नखं तळव्यात रुतली. तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि म्हणाला,

"असू दे ताई. पुढच्या वेळी नको हालूस."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाहुणी होते, बघायला आलेली मुलगी होते, बाबा शेजारी होते. तरी मी म्हणाले, ताई, तुम्ही हालला नाहीत. तुमच्या खुर्चीचा पाय बघा, तोही तसाच आलाय. खुर्ची कशी हालेल? तिने पुन्हा वाकून नीट बघितलं. मी काय म्हणते त्यावर तिने मनापासून विचार केला. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "मी बसले की खुर्ची पण हालते गं."

आणि लगेच तोंड भरून हसली. "पण हा बघ किती छान आलाय."

माझं बोलणं त्याला कळलं होतं, त्याच्या मानेवरून दिसत होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. मी अजूनही थांबले होते, खरं सांगते. त्याने पसरलेले फोटो गोळा करायला घेतले.

ती मला विचारत होती, हा मी ठेवू का? माझा एकपण फोटो नाय माझ्याकडं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यानेही हातातलं तसंच ठेवून बघितलं. फोटो परत देणं म्हणजे काय हे तिघांनाही माहीत होतं, आणि तिच्या डोक्यातही नव्हतं. अंगणात शेवग्याखाली ऊन हालत होतं. मला ते घर हवं होतं. तो उजेड हवा होता. दिव्याचा आकार विचारणारा माणूस मला पुन्हा भेटणार नव्हता, आणि भेटलाही नाही.

"ठेवा," मी म्हणाले.

तिने फोटो पदराने पुसला आणि आत नेऊन देवघरात ठेवला. चहा झाल्याशिवाय तिने आम्हाला उठू दिलं नाही. माझ्या बशीत तिने चहा सांडला, माझ्या हातून थोडा सांडला, दोघी हसलो. तो दारापर्यंत आला. बाबांना नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या एसटीत मी हालले नाही. बाबांनाच राहवेना. वाणगावकडे जाणारी गाडी पुढे निघून गेली, आमची सुटायला वेळ होता, तेवढ्यात ते दोनदा खाली उतरून आले. गाडी सुटल्यावर म्हणाले, पोरगा वाईट नव्हता. मी म्हणाले, नव्हता. बहिणीला जपतो, म्हणाले. मी म्हणाले, जपतो. मग चाचरत त्यांनी विचारलं, त्या बाईमुळे नको म्हटलंस? मी म्हणाले, बाबा, तिच्यासाठी मी उद्या राहायला गेले असते.

"मंग?"

"तो तिला कधीच सांगणार नाही. ती मरेपर्यंत समजणार की आपणच हाललो." मग म्हणाले, "मलाही नसतं सांगितलं."

बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. कारखाने मागे पडले, वाड्या सुरू झाल्या. त्यांना कळलं की नाही ते मी विचारलं नाही. मला तिची काळजी लागली होती. नकार त्या घरात कशावर टाकला जाईल, आणि ती तो किती सहज स्वतःवर घेईल, याने माझा जीव खालीवर होत होता. तो अजूनही होतो.

घरी आई दारातच उभी होती. मागे आत्या. आईने आधी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा बघितला, मग बाबांचा रिकामा खिसा, आणि तिचा चेहरा उतरला. दर वेळचं होतं, तसंच याही वेळी झालं असं तिने धरलं.

"नाय म्हणाले ना?"

बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"त्यांनी नाय," ते म्हणाले. "आपण."